चौथ्या ओळीतला काना

डोंगरावर त्रेचाळीस जैन मंदिरं, आणि त्यांच्या उंबऱ्यांवर, खांबांवर, मूर्तींच्या बैठकींवर कोरलेले दोनशे सोळा लेख. त्यांतला एकही लेख असा नव्हता की ज्यावर थोरलीनं स्वतःच्या हातानं ओला कागद बसवला नव्हता. आणि त्यांतला एकही लेख असा नव्हता की जो तिला वाचता येत होता.

थोरली म्हणजे घरातली थोरली सून. ती लग्न होऊन आली तेव्हा सासरे पायथ्याच्या संग्रहालयात ठसे घ्यायचं काम करत. मुलगे दोन, पण थोरल्याला घड्याळं उघडून बसायचं वेड आणि धाकट्याला शाळेत शिकवायचं. सहाशे पायऱ्या चढायचं नाव काढलं की दोघांचेही गुडघे दुखायला लागायचे. सून मात्र एकदा सासऱ्यांचा डबा द्यायला वर गेली आणि तिथंच रमली. मग त्यांनी तिला सगळं शिकवलं. दगड आधी पाण्यानं धुवायचा. अक्षरांत बसलेली माती काडीनं काढायची. वर भिजवलेला जाड कागद अंथरायचा आणि ताठ केसांच्या ब्रशनं ठोकत ठोकत खाचांत बसवायचा. कागद अर्धवट वाळला की कापडी बोळ्यानं शाई टिपायची. दगडाचा सपाट भाग काळा होतो, खाचेतलं अक्षर पांढरं राहतं. अलगद सोलून काढला की झाला ठसा.

"झाला म्हणायची घाई करू नकोस," सासरे म्हणायचे. "दगडाला भेग असली तर तीसुद्धा पांढरीच उठते. कागदावर भेग कुठली नि अक्षर कुठलं, हे भल्याभल्यांना कळत नाही. बोट घालून बघायचं. कोरलेल्या खाचेचा तळ गुळगुळीत लागतो, भेगेचा खरखरीत. भेग असेल तिथं लाल पेन्सिलीनं खूण करायची. वाचणारा लांब बसलेला असतो बाई, त्याला दगड कुठं दिसतोय?"

पुढे काचबिंदूनं सासऱ्यांचे डोळे अधू झाले आणि त्यांची जागा थोरलीला मिळाली. त्यालाही आता चोवीस वर्षं झाली होती. ठसे घ्यायचे, नळीत गुंडाळायचे, शहरातल्या कचेरीत पाठवायचे. तिकडून पोच यायची, पण त्या दगडांवर काय लिहिलंय हे कुणी कधी कळवलं नाही. थोरलीनंही विचारलं नाही. डोंगरावर तिचा दरारा होता. मंदिरांचा रखवालदार तिला बघून बिडी विझवायचा. संग्रहालयाचे प्रमुख पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या थोरलीबाईंचा ठसा म्हणजे बघायलाच नको." तेवढ्यावर तिचं वर्ष सुखात जायचं.

आणि मग धाकट्या दिरानं लग्न केलं. पंचेचाळिशी उलटून गेली होती, घरच्यांनी आशा सोडली होती, आणि हा एक दिवस जुन्या लिपींची पदवी घेतलेली बायको घेऊन दारात उभा. चष्मा, खांद्याला पिशवी, पिशवीत भिंग. सासऱ्यांच्या पाया पडली आणि उठता उठता म्हणाली, "बाबा, तुम्ही घेतलेले ठसे मी शिकताना वाचलेत. कोपऱ्यात तुमची सही असायची."

सासऱ्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, की थोरलीनं हातातला ट्रे टेबलावर जरा जोरातच ठेवला.

दोन महिन्यांत धाकटीला संग्रहालयातच लेख वाचायचं काम मिळालं. रोज संध्याकाळी ती जुन्या ठशांच्या प्रती घरी आणायची, सासऱ्यांच्या खुर्चीपाशी स्टूल ओढून बसायची आणि एकेक वाचून दाखवायची. थोरली स्वयंपाकघरातून ऐकायची. म्हणजे ऐकायचं नाही असं ठरवून ऐकायची.

त्या ठशांतून गाव बाहेर यायला लागलं. आधी इथं कुणी राहतच नव्हतं, नुसता तांड्यांचा रस्ता होता आणि डोंगरावर कुणा मुनींनी उपास करत देह ठेवला, त्यांच्या पावलांची एक शिळा होती. मग तांडे मुक्काम करायला लागले. धान्याच्या व्यापाऱ्यांनी ऋषभनाथांचं मंदिर बांधलं, तेल्यांनी मिळून नेमिनाथांचं. मूर्ती सगळ्या सारख्याच शांत बसलेल्या. कुणाच्या बैठकीवर बैल, कुणाच्या शंख, म्हणून ओळखायचं. पुढे लढाया झाल्या, रस्ता वळला. जाताना माणसांनी मूर्ती तळघरात उतरवल्या आणि तोंड दगडांनी बुजवून टाकलं. दोनशे वर्षं डोंगरावर गवत. नंतर कुणाच्या तरी वंशजांनी परत येऊन भिंती उभारल्या, आणि हाताला लागेल तो जुना दगड त्यात बसवला.

"चाळीस वर्षं मी हे कागद ठोकले," सासरे म्हणायचे, आणि त्यांचा आवाज भरून यायचा. "काय लिहिलंय हे आज कळतंय. पोरी, आता कुठं खरं काम होतंय बघ."

आतमध्ये थोरलीच्या हातातला वाटाणा शेंगेतून निसटून मोरीपर्यंत जायचा. आता कुठं खरं काम! मग चोवीस वर्षं मी काय डोंगरावर हवा खायला जात होते? नवऱ्याला बोलून दाखवलं, तर तो डोळ्याला लावलेलं भिंग न काढताच म्हणाला, "अगं, काटे तू, तबकडी ती. दोन्ही लागतातच की." थोरली त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. काटे तरी तबकडीच्या वर असतात, मी कुठं आहे वर, हे तिला नंतर सुचलं आणि आणखीच राग आला.

जळायला मोठं कारण लागत नाही. धाकटीनं केलेला चहा सासरे पूर्ण प्यायले, हे पुरायचं. धाकटी "ताई, ताई" करत मागे यायची, कागद कसा भिजवता, शाई कशी कालवता विचारायची, तर थोरलीला वाटायचं, आता हेही घेणार ही माझ्याकडून. प्रमुखांनी पाहुण्यांना आधी धाकटीच्या टेबलाशी नेलं त्या दिवशी तिच्या अंगाचा असा तिळपापड झाला, की संध्याकाळी उतरताना पायऱ्या मोजायची सवयसुद्धा मोडली.

त्याच सुमाराला वरच्या पार्श्वनाथांच्या मंदिरात फरशी खचली म्हणून गवंडी लावले होते. त्यांनी एक मोठी शिळा उचलली, तर खालच्या अंगाला पाच ओळी कोरलेल्या. कधीकाळी कुणीतरी लेख पालथा घालून त्याची फरशी केली होती. शिळा भिंतीला टेकवून ठेवली. खाली आणणं शक्यच नव्हतं. गाभाऱ्यात उजेड इतका कमी, की फोटोत निम्मी अक्षरं आलीच नाहीत. धाकटीचा पाय महिन्याभरापूर्वी ओल्या पायरीवरून घसरून मोडला होता, प्लास्टर मांडीपर्यंत. म्हणजे सगळी मदार ठशावर.

सकाळी थोरली पिशवी भरून निघाली, तेव्हा सासरे खुर्चीतून म्हणाले, "ठसा नीट घे हं. हिला वाचायला त्रास नको."

थोरली उंबऱ्यात थांबली. नीट घे! चोवीस वर्षांत हा शब्द तिला कुणी ऐकवला नव्हता. तिनं चपला घातल्या आणि सहाशे पायऱ्या तो शब्द चघळत चढली.

ठसा सुरेख उठला. चौथ्या ओळीत मात्र एक शब्द होता, दोन अक्षरांचा, आणि त्याच्या शेवटच्या अक्षराला लागून एक सरळ उभी रेघ. थोरलीनं सवयीनं दगडावरच्या खाचेत बोट घातलं. वरच्या अक्षरांचे तळ नितळ होते. या रेघेचा तळ खरखरीत लागला. भेग. चांगली वीतभर, वरून खाली गेलेली. वर आणि खाली झिजलेल्या जागेत ती दिसेनाशी व्हायची, ओळीत तेवढी ठसठशीत. कागद अजून ओला होता. लाल पेन्सिल कानामागे खोचलेली होती.

तिनं ती काढली, हातात धरली, आणि परत खोचली.

घरी धाकटी प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून ठशावर वाकली. बराच वेळ भिंग फिरवत राहिली. मग म्हणाली, "ताई, यावर खुणा एकही नाहीत. दगड कुठं भेगाळलेला नाही ना?"

"भेग असती तर मी खूण केली नसती का?" थोरली म्हणाली आणि कपडे काढायला गच्चीवर निघून गेली.

खोटं असं ती बोलली नव्हती. नुसता प्रश्न विचारला होता. गच्चीवर कपड्यांचे चिमटे काढता काढता ती स्वतःची अशी समजूत घालत राहिली.

आठवड्यानं धाकटीनं वाचन जाहीर केलं. तो शब्द होता 'सुता', म्हणजे मुलगी. नाव झिजून गेलेलं, पण पुढचं स्वच्छ होतं: अमुक श्रेष्ठीची मुलगी हे मंदिर उभारून इथं नित्य नमस्कार करते. डोंगरावरच्या दोनशे सोळा लेखांत बायका होत्या, पण कुणाची तरी बायको म्हणून, शेवटी, कोपऱ्यात. स्वतः मंदिर बांधणारी ही पहिलीच. प्रमुख हरखून गेले. वर्तमानपत्रवाले येऊन धाकटीचा फोटो काढून गेले. बाहेरून अभ्यासक बोलवायचे, सभा घ्यायची, असं ठरलं. नव्या फलकाचा मजकूरसुद्धा तयार झाला. बाजारात भाजीवाली थोरलीला विचारायला लागली, "ती शोधवाली तुमची जाऊ ना हो?"

थोरली "हो" म्हणायची आणि मनात म्हणायची, चढ बाई, चढ. जेवढी वर चढशील तेवढी बरी. अभ्यासक येतील, एखादा वर जाऊन शिळेवर हात फिरवेल, आणि मग बघू हा फोटो कुठं तोंड लपवतो ते. कधी नव्हे ती तिला शांत झोप लागायला लागली.

तिनं एक गोष्ट हिशेबात धरली नव्हती. सभेच्या दोन दिवस आधी सासऱ्यांनी हट्ट धरला, "मला वर न्या. त्या मुलीचं अक्षर मला हातानं बघायचंय."

डोळे पुरते गेल्यापासून आठ वर्षांत ते वर गेले नव्हते. चौघांनी खुर्चीला दोन वासे बांधले आणि त्यांना उचलून नेलं. मागे थोरली, तिच्या मागे तिचा नवरा आणि दीर. प्रत्येक मंदिराच्या वळणावर सासरे न बघता नाव सांगत होते. पाय मोडायचा तर आजच माझा का मोडत नाही, असं थोरलीला वाटत होतं.

गाभाऱ्यात त्यांना शिळेपाशी बसवलं. वर पार्श्वनाथांच्या डोक्यावरचा सात फण्यांचा नाग, खाली हा आंधळा म्हातारा. त्यांनी तळहात दगडावर टेकवला, मग एकेक ओळ बोटांनी मोजत उतरले. पहिली. दुसरी. तिसरी. चौथीवर त्यांचं बोट सावकाश पुढे सरकलं आणि थांबलं. मागे आलं. परत पुढे गेलं. ओळ सोडून वर गेलं, खाली गेलं.

"काय बाबा, सापडली का मुलगी?" दिरानं हसत विचारलं.

सासऱ्यांनी हात काढून घेतला. "चला खाली," म्हणाले. "ऊन चढेल."

उतरताना त्यांनी एकाही मंदिराचं नाव घेतलं नाही.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर त्यांनी थोरलीला हाक मारली. ती येऊन दारातच उभी राहिली.

"पेन्सिल संपली होती का?" त्यांनी विचारलं.

म्हातारा तिला वाट करून देत होता, हे तिला कळलं. हो म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. पण एवढे दिवस मिठाची गुळणी धरून बसलेल्या बाईला तेवढ्यात काय झालं कोण जाणे.

"नाही. कानाशीच होती."

"मग?"

"मग काय? खरं काम तर तीच करते ना! मला म्हणता नीट घे. मी कधी वाकडा घेतला होता? चोवीस वर्षांत कधी म्हणालात, पोरी, चांगला आलाय ठसा? ती आली आणि चार ओळी वाचल्या, तर तुमचे डोळे भरून येतात. माझ्या बोटांना घट्टे पडले ते कुणी बघितले?"

सासऱ्यांनी तिच्या आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं. मग जरा गोंधळूनच म्हणाले, "तुझं बघावं लागतच नव्हतं गं. म्हणून कधी बघितलं नाही."

हे कौतुक होतं की काय होतं, ते थोरलीला पुढेही कधी नीट ठरवता आलं नाही.

"परवा ती सगळ्यांपुढे उभी राहणार," सासरे म्हणाले. "सांगायचं तर तू सांग. मी नाही सांगणार."

संध्याकाळपर्यंत थोरलीनं सगळं स्वयंपाकघर पुसून काढलं. डबे काढले, लावले, परत काढले. धाकटी कुबड्या टेकत पाणी प्यायला आली, तशी तिच्याकडे पाठ करून थोरली म्हणाली, "चौथ्या ओळीतला तो काना नाही. भेग आहे."

थोरलीनं वळून बघितलं. धाकटीच्या हातात रिकामा पेला तसाच होता.

"म्हणजे 'सुता' नाही. 'सुत'. मुलगा," धाकटी स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली. मग मान वर करून, "कधीपासून माहितेय तुम्हाला?"

"कागद ओला होता तेव्हापासून."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलं होतंस."

धाकटी रडेल, ओरडेल, नवऱ्याला हाक मारेल, अशी थोरलीनं तयारी ठेवली होती. धाकटीनं पेला पालथा ठेवला. "मला आवडली होती हो ती," एवढंच म्हणाली आणि कुबड्या टेकत गेली.

थोरली तिथंच ओट्याला टेकली. खरं सांगायचं तर तिलाही ती मुलगी आवडायला लागली होती. फलकाचा मजकूर तिनं चोरून दोनदा वाचला होता.

सभेच्या दिवशी संग्रहालयाचं सभागृह गच्च भरलं होतं. थोरली मुद्दाम शेवटच्या रांगेत, दाराशी बसली. नाव निघालं तर पटकन उठून जाता यावं म्हणून. धाकटी कुबडीला टेकून उभी राहिली आणि सरळ म्हणाली, "मी केलेलं वाचन चुकीचं आहे. ज्याला मी काना समजले ती दगडाची भेग आहे. शिळेवर हात न फिरवता मी घाईनं जाहीर केलं. मंदिर श्रेष्ठीच्या मुलानं बांधलं, मुलीनं नाही."

ठशाचं नाव नाही. ठसा घेणारीचं नाव नाही.

प्रमुखांचा चेहरा पडला. आणि मग पहिल्या रांगेतले म्हातारे प्राध्यापक उठले आणि म्हणाले, "चुका आम्हीही केल्या. पण असं उभं राहून कुणी सांगितल्या नाहीत." त्यांनी टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं.

थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चुकली तरी टाळ्या हिलाच! चूक केली कुणी, आणि भाव खाते कोण! असा विचार मनात आला आणि तिचीच तिला लाज वाटली, पण विचार काही गेला नाही. हात मात्र टाळ्या वाजवत होते, शेजारचे बघत होते म्हणून.

घरी येताना धाकटीनं तिला रस्त्यात गाठलं. "एक सांगून ठेवते, ताई. मी तुमचं नाव घेतलं नाही ते तुमच्यासाठी नाही. बाबांसाठी."

"कळलं," थोरली म्हणाली.

नंतर दोन महिने दोघींत 'मीठ दे' आणि 'दार लाव' यापलीकडे शब्द नव्हता. प्लास्टर निघाल्यावर धाकटी काठी घेऊन डोंगर चढायला लागली. कागदावर विश्वास नाही, हे ती बोलली नाही, पण थोरली ठसा घ्यायची तेव्हा ती बाजूला बसून दगडावर बोट फिरवायची. थोरलीला ते बोट डोळ्यात खुपायचं. शेवटी एकदा न राहवून तिनं तो हात धरला. "असं नखानं नाही. बोटाच्या पोटानं. हं, आता फिरव."

धाकटीनं फिरवलं. "हे खरखरीत."

"मग ती भेग."

त्याच आठवड्यात थोरली म्हणाली, "मला ती लिपी शिकव."

"कशाला? पुढच्या वेळी माझी चूक आधी सापडावी म्हणून?"

"हो," थोरली म्हणाली.

धाकटी कितीतरी दिवसांनी हसली.

शिकायला थोरलीला दीड वर्ष लागलं. पन्नाशीच्या बाईनं शाळकरी वहीत अक्षरं गिरवायची म्हणजे घरात थट्टेला ऊत, नवरा तर विचारायचा, "आज पाढेही आहेत का?" पण ती हटली नाही. एक दिवस तिनं मुनींच्या पावलांच्या शिळेवरचा लेख स्वतः लावला आणि संध्याकाळी स्टूल ओढून सासऱ्यांपाशी बसली. अडखळत, बोट ठेवत, चार ओळी वाचल्या. मान वर केली, तर सासरे खुर्चीत झोपलेले. धाकटी वाचायची तेव्हा टक्क जागे असायचे! थोरली तरातरा उठून आत गेली. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "दुसरी ओळ परत वाच गं. घाई केलीस तिथं." ती परत येऊन बसली, पण तोंड फुगवूनच.

त्यानंतर दोनेक वर्षांनी सासरे गेले. आणि आणखी तीन वर्षांनी संग्रहालयानं डोंगरावरच्या सगळ्या लेखांचं पुस्तक काढलं. पहिली प्रत थोरलीच्या हातात पडली. तिनं मुखपृष्ठ उघडलं. आत दोन नावं होती, आडनाव एकच. धाकटीचं वर, तिचं खाली.

"हे कोणी ठरवलं?" ती पुस्तक घेऊन धाकटीच्या टेबलाशी गेली. "वयानं मी मोठी, कामानं मी जुनी. मग मी खाली का?"

"वर्णक्रमानं लावलंय, ताई. छापखान्यात तसंच लावतात."

थोरली आपल्या जागेवर आली. एका कोऱ्या कागदावर तिनं क, ख, ग पासून सगळी मुळाक्षरं लिहून काढली आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं शोधली. बरोबर होतं. धाकटीचं आधीच येत होतं.

तरी दोन दिवस ती धाकटीशी बोलली नाही.